अटकलेली प्रिंट

मराठी माणूस प्रिंट ‘काढतो’, ‘देतो’ आणि घाईत असला की ‘मारतो’. छापणे, मुद्रित करणे ही क्रियापदे आपण पुस्तकांसाठी राखून ठेवलेली दिसतात. कार्यालयातल्या कागदाला ती फारशी कुणी लावत नाही. दिलेली प्रिंट बाहेर आली नाही, की पुण्या-मुंबईकडे ती ‘अडकते’. आमच्या कोंढ्याकडे ‘अटकते’. फरक एका व्यंजनाचा आहे, पण ‘अटकते’ या रूपावर ‘अटक’ या नामाची सावली आहे, आणि ज्याने सर्व्हरवरची प्रिंटची रांग एकदा तरी निरखून पाहिली आहे त्याला ती सावली अस्थानी वाटणार नाही. आत गेलेले कागद आतच आहेत, कशासाठी आहेत ते कळत नाही, सोडवायला कुणाकडे जावे तेही कळत नाही.

भंडारा–पवनी रस्त्यावरच्या या गावात साहित्याचे अध्यापन करणाऱ्यांनी अशा विषयावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडू शकेल. त्याचे उत्तर लेखातच मिळावे अशी अपेक्षा आहे. तूर्त एवढेच सांगतो, की मराठीच्या प्राध्यापकाचा आयुष्यातला बराच काळ मजकूर तयार करण्यात आणि उरलेला तो कागदावर उतरण्याची वाट पाहण्यात जातो. पहिल्या अर्ध्याविषयी आपण पुष्कळ लिहितो.

संगणकावरून दिलेली आज्ञा छपाईयंत्राकडे थेट जात नाही. मध्ये एक थांबा असतो, त्याला ‘स्पूल’ म्हणतात. या शब्दाची फोड ‘सायमल्टेनियस पेरिफेरल ऑपरेशन्स ऑन-लाइन’ अशी पाठ्यपुस्तकांत दिलेली असते. ती मागाहून जुळवलेली असावी असा आमचा संशय आहे, कारण आद्याक्षरे इतकी सोयीस्कर क्वचितच पडतात. ‘स्पूल’चा साधा अर्थ रीळ. संगणक खोलीएवढे होते तेव्हा गणन करणारे मोठे यंत्र महाग आणि वेगवान, तर छापणारे यंत्र संथ. महाग यंत्राने संथ यंत्रासाठी खोळंबू नये म्हणून निकाल चुंबकीय फितीच्या रिळावर उतरवायचा आणि ते रीळ उचलून दुसऱ्या, स्वस्त संगणकाला जोडून तिथे सावकाश छापायचे, अशी रीत होती. १९५९ साली बाजारात आलेला आयबीएम १४०१ हा संगणक पुष्कळ ठिकाणी याच कामावर होता. आमच्या जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायला परदेशी जावे लागत नाही. आंधळगावचा कोसा विणणारा कारागीर कांडी आधी भरून ठेवतो; माग चालू असताना सूत उलगडत बसत नाही. कांडी भरणाऱ्याचा वेग आणि विणणाऱ्याचा वेग वेगळा असतो, म्हणून मध्ये कांड्यांची टोपली लागते. स्पूल म्हणजे ती टोपली.

आजच्या सर्व्हरवर ही टोपली एका फोल्डरच्या रूपात असते. विंडोजमध्ये ते ‘सिस्टीम ३२’च्या आत ‘स्पूल’ आणि त्याच्या आत ‘प्रिंटर्स’ या नावाने सापडते. प्रत्येक प्रिंटसाठी तिथे साधारणतः दोन फायली पडतात: एक ‘एसपीएल’, हिच्यात प्रत्यक्ष छापायचा मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात, दुसरी ‘एसएचडी’, हिच्यात प्रिंट कुणाची, कोणत्या यंत्रावर, किती प्रती, हा तपशील. पहिलीला कविता म्हटले तर दुसरी म्हणजे संपादकाला लिहिलेले सोबतचे पत्र. ‘प्रिंट स्पूलर’ नावाची सेवा या जोड्या क्रमाने उचलून यंत्राकडे पाठवते, आणि काम झाले की दोन्ही पुसून टाकते. काम झाले नाही तर पुसत नाही. गोम इथेच आहे. पहिली जोडी यंत्राने स्वीकारली नाही तर तिच्यामागच्या सगळ्या जोड्या, त्यांच्यात कोणताही दोष नसताना, उभ्या राहतात.

हा पेच संगणकाने आणलेला नाही. खिळ्यांच्या छापखान्यातही तो होता. देवनागरीला खिळे फार लागतात. जोडाक्षरे, वेलांट्या, रफार, अर्धी अक्षरे यांचे खण भरता भरता मालक मेटाकुटीला येई. एखाद्या पुस्तकाचा फर्मा जुळवून ठेवला आणि लेखकाकडून मुद्रिते तपासून आली नाहीत, तर त्या फर्म्यात गुंतलेले खिळे मोकळे होत नसत, आणि दुसऱ्याचे काम त्या खिळ्यांसाठी अडे. १८६९ साली ‘निर्णयसागर’ सुरू करणाऱ्या जावजी दादाजींनी स्वतःचे खिळे स्वतः ओतण्यावर जो भर दिला, त्याचे श्रेय आपण अक्षरसौंदर्याला देतो, आणि ते योग्यच आहे. पण पुरेसे खिळे असणे ही रांग न अडण्याचीही तजवीज होती. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्यासाठी केलेला खटाटोपही याच गरजेतून आलेला. (आमच्या पवनीला, जगन्नाथ टेकडीच्या १९६९-७० च्या उत्खननात, स्तूपाच्या शिळांवर दात्यांची नावे ब्राह्मीत कोरलेली मिळाली. तिथे रांग नव्हती; छिन्नी एक आणि दगड एक. पण तो मार्ग आता उपलब्ध नाही.)

आता प्रत्यक्ष प्रसंग. मार्च महिना, दुपारचे बारा. आमच्याकडे एकच सर्व्हर आणि त्याला जोडलेले एकच मोठे छपाईयंत्र; कार्यालय, ग्रंथालय, संगणक कक्ष आणि आम्ही, सगळे त्याच रांगेत. त्या दिवशी बोनाफाईड प्रमाणपत्रे हवी असलेली मुले कार्यालयाच्या खिडकीशी उभी होती. शिष्यवृत्तीच्या अर्जाची कागदपत्रे संध्याकाळपर्यंत द्यायची होती, आणि त्यांतली निम्मी मुले बसने परत जाणारी. प्रमाणपत्रे संगणकावर तयार होती, प्रिंट दिलेली होती. रांगेत तेवीस नावे दिसत होती आणि एकही कागद बाहेर येत नव्हता. मध्ये वीज गेली, आली. सर्व्हर बॅटरीवर असल्याने चालू राहिला. छपाईयंत्र बंद होऊन पुन्हा सुरू झाले, आणि पुन्हा तिथेच थांबले.

रांगेत पहिली होती एम.ए.च्या एका विद्यार्थिनीची फाईल. सेहेचाळीस पाने, विषय, धानशेतीतले झाडीबोलीतले शब्द.

मोठ्या बाबूंना उपाय ठाऊक होता, आणि तो उपाय बरोबरच आहे. सेवा थांबवायची, ‘प्रिंटर्स’ फोल्डर रिकामे करायचे, सेवा पुन्हा सुरू करायची, आणि ज्यांची ज्यांची कामे गेली त्यांनी नव्याने प्रिंट द्यायची. जगभर हाच उपाय सांगितला जातो, आणि दहापैकी नऊ वेळा तो पुरतो. “हे सगळं काढून टाकतो जी सर, मंग बाकीचं निंगते,” असे म्हणून ते खुर्चीत बसले. सेवा थांबली. तेवढ्यात ती मुलगी दारात येऊन म्हणाली, “सर, माझी दुसरी कॉपी नाही आहे.”

हे कसे, ते सांगायला हवे, कारण ऐकणाऱ्याला प्रथम वाटते की मुलीनेच हलगर्जी केली असेल. आमच्या संगणक कक्षातली यंत्रे बंद होऊन सुरू झाली की आदल्या दिवसासारखी कोरी होतात; विषाणूंच्या उपद्रवावर तो तोडगा म्हणून तसे सॉफ्टवेअर बसवलेले आहे. त्याच कारणाने पेन ड्राईव्ह लावायला मनाई. लिहून झालेला भाग सर्व्हरवरच्या एका सामायिक जागेत ठेवायचा, असा नियम. ती जागा त्या आठवड्यात भरलेली होती आणि नवी फाईल घेत नव्हती. तेव्हा तिने शहाणपणाचा मार्ग निवडला: आज पूर्ण करायचे आणि लगेच कागदावर उतरवून घ्यायचे. तिने प्रिंट दिली. वीज गेली. कक्षातली यंत्रे कोरी झाली. सर्व्हर जागा राहिला. तिच्या आजीचे शब्द आता जगात एकाच ठिकाणी होते, आणि ते ठिकाण म्हणजे बाबूंच्या समोर उघडलेले, रिकामे करायला घेतलेले फोल्डर.

शब्द तिच्या वहीत होते. पण वहीत नुसती यादी. पऱ्हे, बांधी, धुरा, कडपा, पुंजने, तनस. टंकलेखन करताना ती आजीला फोन लावून एकेक शब्द वाक्यात वापरून घेत होती, आणि ती वाक्ये सरळ फाईलमध्ये लिहीत होती. रोवणीसाठी वाढवलेल्या धानाच्या रोपांना पऱ्हे म्हणतात, हे कोणत्याही कृषिपत्रिकेत मिळेल. पण पऱ्हे उपटण्याला एक क्रियापद आणि उपटलेल्या जुडीला दुसरे नाम, आणि ती जुडी चिखलात फेकणाऱ्याला उद्देशून म्हणायचे एक थट्टेचे वाक्य, हे कुठल्या कोशात मिळणार? झाडीबोलीचा अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी आयुष्यभर चिकाटीने उभा केला म्हणून आज या बोलीला बोली म्हणतात, अशुद्ध मराठी म्हणत नाहीत. तरी संगणकाचे शुद्धलेखन तपासनीस तिच्या प्रत्येक दुसऱ्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ ओढत होते. ‘ण’चा ‘न’, ‘ळ’चा ‘र’, डोळ्याचा ‘डोरा’: यंत्राच्या दृष्टीने सेहेचाळीस पाने चुकांची.

खिडकीबाहेरच्या मुलांची बाजूही तितकीच खरी होती, हे इथे मुद्दाम नोंदवतो. शेवटची बस कुणाच्या आजीसाठी थांबत नाही. बाबू रागावले नाहीत, पण घड्याळाकडे पाहत म्हणाले, “एका पोरीपायी बावीस पोरं अटकले, सर.” हिशेब बिनचूक होता.

सेवा थांबवल्याने फायली नाहीशा होत नाहीत, त्या फोल्डरात तशाच राहतात, एवढे आम्हांला ठाऊक होते. म्हणून पुसण्याआधी दोन्ही फायली दुसऱ्या जागी उतरवून घेऊ, असे सुचवले. बाबूंनी हात आखडता घेतला नाही. सर्व्हरवर पेन ड्राईव्हची मनाई नव्हती. पाच मिनिटांचे काम. एसपीएल फाईल अशी जपून ठेवली तर तीतला मजकूर त्याच जातीच्या यंत्राकडे आज्ञा देऊन पुन्हा पाठवता येतो. तिच्यात दुरुस्ती मात्र करता येत नाही, कारण तिथे शब्द शब्द म्हणून उरलेले नसतात. कोणत्या जागी कोणते चिन्ह उमटवायचे याच्या सूचना असतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला हा भेद विचार करण्याजोगा वाटेल, पण त्या क्षणी आम्ही तो केला नाही.

फायली सुरक्षित झाल्यावर सगळ्यांच्या आवाजाची पट्टी खाली आली आणि पहिल्यांदाच कुणीतरी छपाईयंत्राच्या तोंडाकडे पाहिले. तोवर सगळे सर्व्हरच्या पडद्याकडे पाहत होते. यंत्राच्या बोटभर पट्टीवर इंग्रजीत दोन शब्द झळकत होते: ‘लोड लेटर’. शिपाई म्हणाला, हे सकाळपासूनच लिहून आहे. कुणाला तरी पत्र पाठवायचे असेल असे वाटले. आमच्यापैकी एकाला प्रथम ‘अक्षर’ आठवले. लेटर म्हणजे पत्र, लेटर म्हणजे अक्षर. आणि तिसरा अर्थ, जो त्या यंत्राला अभिप्रेत होता, तो म्हणजे कागदाचे एक अमेरिकी माप. साडेआठ इंच रुंद, अकरा इंच लांब. मिलिमीटरमध्ये २१६ बाय २७९.

आपल्याकडे हा कागद दुकानात मिळत नाही. आपण ए-४ वापरतो, २१० बाय २९७: अंगाने किंचित सडपातळ आणि उंचीने थोडा जास्त. ए-मालिकेमागे एक देखणा हिशेब आहे. लांबी-रुंदीचे प्रमाण दोनच्या वर्गमुळाइतके ठेवले की कागद मधोमध दुमडल्यावर अर्ध्या कागदाचेही प्रमाण तेच राहते. जर्मन विचारवंत लिष्टेनबेर्ग याने १७८६ साली एका पत्रात ही गंमत लिहून ठेवली होती, आणि १९२२ साली जर्मनीने तिचे प्रमाण मानक केले. ए-० चे क्षेत्रफळ एक चौरस मीटर. तो चार वेळा अर्धा केला की ए-४. जगातले बहुतेक देश याच मालिकेवर चालतात. अमेरिका आणि कॅनडा हे मुख्य अपवाद. पण लेखनाची पुष्कळ सॉफ्टवेअरे अमेरिकेत घडली, आणि बसवताना देश विचारला गेला नाही किंवा उत्तर दिले गेले नाही, तर पानाचे माप मुकाट्याने ‘लेटर’ राहते. पडद्यावर दोन्ही पाने सारखीच पांढरी दिसतात.

तेव्हा झाले होते एवढेच. त्या मुलीच्या फाईलने यंत्राकडे अमेरिकी कागद मागितला. यंत्राच्या खणात ए-४ होता. यंत्र नम्रपणे म्हणाले, तो कागद आणा, मी थांबतो. आणि ते थांबले. कोंढ्यात, पवनीत, भंडाऱ्यात कुठेही न मिळणाऱ्या कागदासाठी ते उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत थांबले असते. १९९९ सालच्या ‘ऑफिस स्पेस’ या अमेरिकी चित्रपटात नेमका याच जातीचा संदेश पाहून चिडणारा एक कर्मचारी आहे. लेटर कागद जिथे कपाटभर पडलेला असतो तिथेही हा संदेश लोकांना कळत नसे, याचे आम्हांला थोडे समाधान वाटले.

सेवा सुरू केली. रांग पुन्हा दिसू लागली, तीच मुलगी पहिली. यंत्राच्या पट्टीखालचे ‘चालू ठेवा’ या अर्थाचे बटण दाबले, तसे त्याने तक्रार न करता ए-४ वर छापायला सुरुवात केली. तीन-चार मिनिटांत सेहेचाळीस पाने आणि त्यांच्यामागे धडाधड बोनाफाईडे. बस मिळाली.

हे सगळे एखाद्या किश्शासारखे सांगून सोडून देता आले असते. पण छपाईयंत्र अडले म्हणून विचारांची दिशा बदललेला एक माणूस इतिहासात आहे. रिचर्ड स्टॉलमन हा अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत होता. १९८० च्या सुमारास तिथे झेरॉक्सचे नवे लेझर छपाईयंत्र आले. छपाईयंत्र एका मजल्यावर, काम करणारे बहुतेक वेगळ्या मजल्यावर. कागद अडला तरी कुणाला कळायचे नाही, आणि प्रत्येक जण येऊन पाहायचा तो रांग तशीच. आधीच्या यंत्राच्या बाबतीत स्टॉलमनने आज्ञावलीत बदल करून एक सोय केली होती: कागद अडकला की ज्यांची ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांच्या पडद्यावर निरोप जाई. यंत्र दुरुस्त करता येत नसे, पण वाट पाहणाऱ्याला कळत असे. नव्या यंत्राची मूळ आज्ञावली मात्र दिलेलीच नव्हती. ती ज्याच्याकडे होती अशा दुसऱ्या विद्यापीठातल्या एकाकडे त्याने ती मागितली, तेव्हा गुप्ततेच्या कराराचे कारण सांगून नकार मिळाला. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, आणि मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ तिथून उभी राहिली. त्या नकाराची सल तिच्यामागे होती, असे त्याने स्वतः वारंवार सांगितले आहे. सॅम विल्यम्स यांनी २००२ साली लिहिलेले त्याचे चरित्र याच छपाईयंत्राच्या प्रकरणापासून सुरू होते.

आम्हांला या हकिकतीत सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो निरोप. आमच्या रांगेतल्या बावीस जणांना कुणीही काही कळवले नव्हते. त्यांना वाटत होते, बाबू कागद देत नाहीत. बाबूंना वाटत होते, सर्व्हर बिघडला. कारण एका बोटभर पट्टीवर, दोन शब्दांत, परक्या भाषेत लिहिलेले होते.

लिनक्स आणि मॅकच्या जगात छपाईची व्यवस्था पाहणारी ‘कप्स’ नावाची प्रणाली आहे. एखादे काम फसले तर सर्व्हरने काय करावे, हे तिच्यात आधी ठरवून ठेवता येते. ते काम रद्द करा. किंवा ते बाजूला ठेवून बाकीची होऊ द्या आणि काही वेळाने पुन्हा पाहा. किंवा तेच काम लगेच पुन्हा करून पाहा. किंवा यंत्रच थांबवा आणि माणसाची वाट पाहा. तांत्रिक पुस्तिकेत हे चार पर्याय चार ओळींत येतात. आम्ही ते वाचले तेव्हा विद्यापीठीय जीवनातली बरीच माणसे डोळ्यांसमोर आली: मार्गदर्शक, परीक्षक, परीक्षा विभाग. दुसरा पर्याय आम्हांला सर्वांत माणुसकीचा वाटला. पण त्यातही बाजूला ठेवलेले काम ‘काही वेळाने’ कुणीतरी पाहावे लागते, आणि आमच्या अनुभवात बाजूला ठेवलेली फाईल तिथेच राहण्याचा संभव अधिक असतो. असो. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

छापून आलेली पाने आम्ही त्या संध्याकाळी वाचायला घेतली. ‘पऱ्हे’ हा शब्द काही पानांवर नीट होता आणि काही पानांवर ‘पर्हे’ झाला होता, ‘र’चा रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसलेला. दऱ्या आणि दर्या यांतला फरक मराठीच्या प्राध्यापकाला सांगायला नको. हिंदीला या अर्ध्या ‘र’ची गरज पडत नाही, म्हणून हिंदीसाठी केलेल्या कळफलकावर तो सहज सापडत नाही. युनिकोडमध्ये त्याची सोय आहे, पण ती बोटाला माहीत असावी लागते. मुलीने लाल शाईने अकरा ठिकाणी दुरुस्ती केली आणि प्रबंध तसाच सादर केला. आजीचे थट्टेचे वाक्य एकतिसाव्या पानावर आहे. ते इथे देत नाही, कारण ते तिने अद्याप कुठे प्रसिद्ध केलेले नाही, आणि पहिला हक्क तिचा.

त्या दोन फायली आमच्या पेन ड्राईव्हवर अजून आहेत. संगणक कक्षातल्या यंत्रांची मापे आम्ही जमेल तशी बदलत आहोत. बदल टिकण्यासाठी आधी ते कोरे करणारे सॉफ्टवेअर उघडावे लागते, मग माप बदलायचे, मग पुन्हा कुलूप. पंधरांपैकी सहा झाली. छपाईयंत्राच्या पट्टीखाली बाबूंनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली आहे: ‘लेटर म्हणजे कागद. हिरवं बटन दाबा.’